काचेच्या कपाटामागची ओल

परवा पापनाशमच्या स्थानकावर तंजावरकडे जाणाऱ्या गाडीची वाट पाहत बसलो होतो. सकाळचे नऊ वाजले असतील. झाडूवाल्या बाईने बादलीभर फिनेलचं पाणी फलाटावर भिरकावलं आणि खराट्याने ते माझ्या पायांच्या दिशेने ढकलायला सुरुवात केली. मी पाय वर घेतले. ते दुधट पाणी बाकाखालून वाहत गेलं, त्याचा वास वर आला आणि गाडी आली कधी, गेली कधी, मला कळलं नाही. लोकांना मोगऱ्याच्या नाहीतर वाळ्याच्या वासाने जुने दिवस आठवतात. वाचायला ते बरं वाटतं. मला फिनेलने आठवतात. आमच्या घरात एके वर्षी आषाढापासून संक्रांतीपर्यंत हाच एक वास होता, आणि त्याच्याखाली दुसरा, ज्याच्यासाठी फिनेल ओतलं जायचं.

त्या स्थानकापासून कोसभरावर तेव्हा एक भाताची गिरणी होती. आमच्या वाटणीला आलेल्या शेताच्या चिंचोळ्या तुकड्यावरचं भात तिथे जायचं, म्हणून वर्षातून दोनदा माझी फेरी व्हायची. त्या वेळी मी गेलो तेव्हा गिरणीचा मेस्त्री एका कुत्रीला मारत होता. हातात गिरणीचा तुटका पट्टा होता, चार बोटं रुंद, कडेला दोरे सुटलेला. भात उकडायच्या भट्टीशेजारच्या भिंतीत कडी होती, कडीला साखळी आणि साखळीला ती. तांबूस रंग, एक कान अर्धा तुटलेला, वय पाच-सहा वर्षं. पट्टा पाठीवर पडला की ओल्या गोणपाटावर काठी मारल्यासारखा आवाज यायचा. ती ओरडत नव्हती, हेच मला सोसलं नाही. ओरडणाऱ्या जनावराला अजून कुणाकडून काहीतरी अपेक्षा असते. ती फक्त जमिनीला चिकटत होती, जणू अजून थोडी चपटी झाली तर दिसेनाशी होईल. आणि प्रत्येक फटक्यासरशी तिच्याखालून लघवीचा एक ओघळ पुढे सरकत होता.

“मारलं की मुतते,” मेस्त्री मला तमिळमध्ये म्हणाला, घाम पुसत, अगदी सौजन्याने. “मुतली की मारावं लागतं. काय करणार सार.”

गिरणी विकली गेली होती. नवे मालक कॅमेरे बसवणार होते. कॅमेऱ्याला भात घालावा लागत नाही. येत्या सोमवारी जनावरांचा डॉक्टर येऊन तिला मरणाची सुई टोचणार होता. मी भूतदयेचा माणूस नाही. गोशाळेच्या उद्घाटनांना जाणाऱ्यांची मी आयुष्यभर टिंगल केली आहे. पण त्या दिवशी मी साखळीसकट तिला भाड्याच्या मोटारीत घातलं. वाटेत तिने मोटारीत केलं, ते मी स्वतः धुतलं आणि चालकाला नेहमीपेक्षा जास्त वेळा ‘तम्बी’, म्हणजे धाकट्या भावा, म्हटलं.

आता अण्णाविषयी सांगायला हवं. अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ. मी लग्न केलं नाही, तंजावरात त्याच्याच घरात राहतो. तो, वहिनी आणि मी. अण्णा आमची मराठी अस्खलित बोलतो, पण त्याला नागरी लिपी वाचता येत नाही, आमच्यातल्या बहुतेकांना येत नाही, म्हणून हे मी निर्धास्त लिहितो आहे. आमच्या बाहेरच्या खोलीत एक काचेचं कपाट आहे. त्यात एक तलवार, एक फाटकं पागोटं आणि चौकटीत बसवलेली वंशावळ. पुण्याहून कुणी अभ्यासक आले की अण्णा त्यांना कपाटापुढे उभं करतो आणि सांगतो, आमचे मूळ पुरुष तंजावरच्या मराठी राजांचे सरदार. मी जुनी कागदपत्रं थोडीफार वाचली आहेत. त्यांत आमच्या मूळ पुरुषाचा उल्लेख एकदाच येतो, हत्तींना घालायच्या उसात काटकसर केल्याबद्दल झालेल्या चौकशीत. हे मी अण्णाला एकदा सांगितलं. त्याने चार दिवस माझ्याशी बोलणं टाकलं आणि पाचव्या दिवशी म्हणाला, “हत्ती होते कीं नाही? मग?”

तर त्या कपाटामागे, भिंत ओल धरते म्हणून कपाट वीतभर पुढे ओढलेलं असतं त्या फटीत, कुत्रीने आल्याच्या दुसऱ्या दिवशी घाण केली.

छप्पर म्हणजे काय, फरशी म्हणजे काय, हे तिला ठाऊक नव्हतं. पाच वर्षं ती साखळीच्या वर्तुळात जेवली, झोपली आणि त्याच वर्तुळात तिने सगळे विधी केले. घर आणि बाहेर अशी फाळणीच तिच्या जगात नव्हती. ती आम्ही तिला एका आठवड्यात शिकवायला निघालो होतो. अण्णाची पद्धत जुनी होती. मानगूट धरायची, नाक त्या घाणीत दाबायचं, तसंच घासत ठेवायचं आणि मग पिरंबू. पिरंबू म्हणजे वेताची छडी. तमिळ शाळांतून मास्तरांच्या हाती असायची तीच, आमच्या घरी वडिलांच्या वेळेपासून दारामागच्या खिळ्याला असलेली. आम्ही दोघे भाऊ तिच्यावरच वाढलो. अण्णा मारायला लागला की मानेची शीर फुगायची आणि तो हुबेहूब वडील दिसायचा. छडी तिच्या बरगड्यांवर बसायची, तिथले केस जाऊन कातडी उघडी पडली. एकदा नाकपुडीतून रक्त आलं आणि लाल फरशीवर ते दिसेना, वहिनीचा पाय पडला तेव्हा कळलं. मी काय करत होतो? मी तिच्या गळ्याचा पट्टा धरून उभा होतो. मला ते पसंत नव्हतं. माझी नापसंती मी चेहऱ्यावर व्यवस्थित दाखवत होतो आणि पट्टा सुटू देत नव्हतो.

रोज सकाळी मी तिला किल्ल्याच्या खंदकाच्या कडेने फिरायला न्यायचो. तिथे गवत होतं, झुडपं होती, कुत्र्याला मोह पडावा असे शेकडो वास होते. ती तास-दीड तास माझ्या बाजूने चालायची, शेपूट पोटाखाली, डोळे माझ्या हातावर, आणि एक थेंब सोडायची नाही. एकदा गल्लीतली तीन कुत्री तिच्यावर तुटून पडली. एकाने मांडी धरली, दुसऱ्याने मान. तिने तिसऱ्याचा ओठ फाडला आणि तो फाटका ओठ हलवत ते कुत्रं केकाटत पळालं. मी दगड घेऊन नाचत होतो. एक दगड तिलाच लागला. मांडीतून रक्त गळत असताना, भीतीने अंगभर कापत असतानाही तिने लघवी रोखून धरली. घरी आलो, पट्टा सोडला, मी पाणी प्यायला आत गेलो, आणि परत येतो तो कपाटामागे ओल.

हे रोज चाललं. माझा समज असा झाला की ती मुद्दाम करते. कुत्र्याच्या अंगी एवढं कारस्थान असतं हे आता लिहितानाही हसू येतं, पण दीड तास पायपीट करून आलेल्या माणसाला हसू येत नाही. भाद्रपदातल्या एका सकाळी मी तिला फटीतून ओढून काढलं आणि माझ्या हातात जो पट्टा होता त्यानेच मारलं. पट्ट्याला पितळी कडी होती हे माझ्या लक्षात आलं नाही, असं मी पुढे बरेच दिवस स्वतःला सांगितलं. लक्षात आलं होतं. पहिल्या फटक्याला हातात जे वजन जाणवलं ते मला आवडलं, म्हणून दुसरा मारला, तिसरा मारला. किती मारले ते सांगता येत नाही. कडी डोळ्याच्या वर बसली, भुवईची जागा उघडी पडली, आतलं पांढरं हाड क्षणभर दिसलं आणि मग रक्ताने भरलं. ती ओरडली नाही. जमिनीला चिकटली. अहिंसेवर वर्गात तास घेऊन निवृत्त झालेला मी धापा टाकत उभा होतो, आणि त्या धापांत एक समाधान होतं. ते कुठून आलं हे मला ओळखीचं होतं. आमच्या दारामागच्या खिळ्यावरून.

वहिनी स्वयंपाकघरातून आली. जुन्या धोतराचा बोळा तिने त्या जखमेवर दाबला आणि माझ्याकडे न पाहता बोलली, “भावजी, तुमची विद्यार्थीण हुशार आहे हो. तुम्ही दोघांनी शिकवट्लं तें अस्कं, सगळं शिकली.”

“काय शिकली? कपाटामागे जायला?”

“माणसासमोर करायचं नाही, हें. समोर करट्लं कीं मार. मग खंदकावर ती कशी करील? तिथे तुम्ही असता. तुम्ही माणूस नव्हे कां?”

इतकं बोलून ती पुन्हा आत गेली आणि फोडणीचा आवाज आला. मी फरशीवर बसून राहिलो. अर्ध्या आयुष्यात जेवढी पुस्तकं वाचली त्यांपैकी एकाही पुस्तकाने मला असं उचलून आपटलं नव्हतं. कारण हे मला माहीत असायला हवं होतं. नऊ वर्षांचा होईपर्यंत मी अंथरूण ओलं करत असे. वडील सकाळी चादर हाताने चाचपून पाहायचे आणि चादर ओली असली तर पिरंबू. चार वर्षं मार खाऊन मी कोरडा व्हायला शिकलो नाही. मी ओली चादर परसातल्या चुलवणामागे कोंबायला आणि वडिलांच्या हाताखाली कोरडी चादर ठेवायला शिकलो. पोटऱ्यांवर वळ असलेला मुलगा वर्गात पहिला यायचा, आणि लोक म्हणायचे, छडीचा गुण.

मी अण्णाला हे सांगायला गेलो तर त्याने हात वर करून मला थांबवलं. अभ्यासकांची एक तुकडी दसऱ्याच्या आसपास येणार होती. त्यांतल्या एकाने गेल्या खेपेस कपाटापाशी उभं राहून रुमाल नाकाला लावला होता. अण्णाच्या सरदारकीचा एवढा अपमान इंग्रजांनीही केला नसेल. “आयुधपूजेपर्यंत,” तो म्हणाला. “त्या दिवशीं कपाटामागे ओल दिसली तर ती गिरणीवर चुकली ती सुई इथे. डॉक्टरला मी सांगून ठेवट्लंय.” अण्णा दिलेला शब्द पाळतो. त्याच्यात एवढं एक खरंच सरदाराचं आहे.

माझ्या हाती पंधरा दिवस होते. मी खंदक सोडला. सकाळची पहिली बस धरून तिला शेतावर न्यायला लागलो. कंडक्टर कुरकुरायचा, तिच्या भुवईवरचे टाके पाहून गप्प व्हायचा. कालव्याच्या बांधावर मी तिला वीस हात लांब दोरीला सोडायचो आणि तिच्याकडे पाठ करून बसायचो. भात पोटरीला आलं होतं. बगळे चिखलात उभे असायचे. माझ्या मागे दोरी ताणायची, सैल पडायची. मी माणूस नाही असं तिला पटवून द्यायचं होतं, आणि त्याला पाठीपेक्षा चांगला अवयव माझ्याकडे नव्हता. सहाव्या दिवशी दोरी बराच वेळ स्थिर राहिली. मी वळलो नाही. ती शेजारी येऊन बसली तेव्हा मागे जाऊन गवत हाताने चाचपून पाहिलं. ओलं होतं, गरम. त्या बांधावर म्हातारा माणूस गवतात हात घालून रडतो आहे, हे भातात खुरपणाऱ्या बायकांनी पाहिलं आणि एकीने दुसरीला काहीतरी सांगितलं. असो.

पण घरी गेलो की ती अजून कपाटामागेच जायची. रोज नाही, दिवसाआड. आणि आयुधपूजा आली.

आमच्याकडे त्या दिवशी तलवार बाहेर निघते. पूर्वी म्हणे बोकड असायचा, आता कोहळा. कोहळ्याला वरून भोक पाडून आत कुंकू, हळद आणि चुन्याचं पाणी भरायचं. हळद-चुन्याने ते लालभडक होतं. घरातला कर्ता पुरुष दारात उभा राहून तलवारीच्या एका घावात कोहळा तोडतो आणि रस्त्यावर लाल पाणी उडतं. त्या आधी घरातल्या सगळ्या आयुधांना गंध लागतं: विळी, कोयता, वहिनीचं शिलाई यंत्र, अण्णाची स्कूटर, माझी लेखणी. त्या वर्षी अण्णाच्या डोक्यात आलं की दारावरचं कुत्रं हेही आयुधच. रस्त्यावर शेजारीपाजारी जमलेले, अभ्यासकही आलेले. कपाटामागे सकाळी कोरडं होतं म्हणून तो खुशीत होता. त्याने तिच्या कपाळावर, नेमकं त्या बऱ्या होत आलेल्या जखमेशेजारी, चंदन-कुंकू लावलं, गळ्यात झेंडूची माळ घातली आणि स्कूटरला बांधून ठेवलं. मी नको म्हणालो. “सैन्यात कुत्र्यांना पदकं देतात, रे,” तो अभ्यासकांकडे बघत म्हणाला.

मग त्याने डोक्याला पागोटं घातलं, तलवार उपसली आणि हात वर नेला.

तिच्या डोळ्यांना काय दिसलं असेल ते मला सांगता येईल. फुगलेली शीर आणि वर गेलेला हात. आजवर ती त्या हाताखाली चपटी होत आली होती. पण बांधावरच्या पंधरा दिवसांनी तिच्यात काहीतरी उभं राहिलं असावं. स्कूटर कोसळली. स्कूटर फरफटवत ती झेपावली आणि अण्णाचा हात कोपराखाली तिच्या तोंडात गेला. हाडावर दात घासल्याचा आवाज मी ऐकला. तलवार निसटून कोहळ्यावर पडली, कोहळा फुटला, लाल पाणी सगळ्यांच्या अंगावर. अण्णा किंचाळत होता, ती सोडत नव्हती, मान झटकत होती, मांस सुटत होतं. बायका दारं लावून घेत होत्या. रस्त्यावर चुन्याचं लाल कुठलं आणि अण्णाचं कुठलं हे कळेना. मी तिच्या जबड्यात बोटं घातली. माझ्या उजव्या तर्जनीचं टोक आजही बधिर आहे. सुटली तेव्हा ती थेट घरात, कपाटामागे.

इस्पितळात तरुण डॉक्टरीणबाईंनी जखम धुतली. अण्णाने डोळे मिटून, सगळ्या दालनाला ऐकू जाईल अशा आवाजात तमिळमध्ये सांगितलं, “तलवारीची जखम आहे. वंशपरंपरागत.”

बाईंनी पुन्हा एकदा पाहिलं. “तलवारीला दात होते का सार?”

तरीही अण्णाने सांगणं बदललं नाही. बाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं आणि कुत्र्याच्या चाव्यावरची इंजेक्शनं निमूट दिली. संध्याकाळपर्यंत गल्लीत एकच वार्ता होती की पूजेच्या वेळी तलवार निसटून सरदारांना लागली, आणि इमानी कुत्रीने धन्याला वाचवायला झेप घेतली. अर्ध्या गल्लीने डोळ्यांनी पाहिलं होतं, पण अण्णाने ते इतक्या वेळा सांगितलं की त्यांचाही इलाज चालेना. तलवारीने जखमी झालेल्या माणसाला कुत्रीला सुई टोचायचं कारण उरत नाही, हे त्याच्या लक्षात आलं तेव्हा उशीर झाला होता. निदान वरून पाहणाऱ्याला तसंच वाटलं असतं.

खरं तर रिक्षातून परत येतानाच त्याने मला सांगितलं होतं. आम्हां मराठी माणसांना तंजावरात ही एक सोय आहे. रिक्षात मनातलं बोलता येतं, रिक्षावाल्याला कळत नाही. हात गळ्यात बांधलेला, चेहरा पांढरा, तो बाहेर बघत म्हणाला, “तूं चादर चुलवणामागे ठेवायचास.”

“तुला ठाऊक होतं?”

“मीही ओली करायचों. अकरा वर्षांचा होईपर्यंत.” रिक्षा खड्ड्यातून गेली, तो कळवळला. “तूं झोपेत असायचास. माझी ओली तुझ्याखालीं सरकवायचों, तुझी कोरडी मी घ्यायचों. तुला जितका मार बसट्ला, त्यांतला अर्धा माझा, रे.”

 पन्नास वर्षांपूर्वीच्या माराचा हिशेब रिक्षात करायचा नसतो. पुढच्या वळणावर तोच म्हणाला, “डॉक्टरला नको सांगट्लं म्हणून कळव.” घरी आल्यावर त्याने डाव्या हाताने खिळ्यावरची छडी काढली, गुडघ्यावर मोडायला पाहिली. वेत मोडत नाही, वाकतो. शेवटी वहिनीने ती विळीवर चिरून चुलीत घातली.

ती आणखी सहा वर्षं जगली. पुढच्या संक्रांतीपर्यंत दारापाशी येऊन नखांनी खरवडून बाहेर जायचं आहे असं सांगायला शिकली, आणि त्यानंतर कपाटामागे कधी गेली नाही. अण्णाच्या पायाशी झोपायची; उजव्या नव्हे, डाव्या बाजूला. पण कुणाचा हात खांद्याच्या वर गेला की, तो पंख्याचं बटण दाबायला गेलेला असो की देवाला फूल वाहायला, ती जमिनीला चिकटायची आणि खाली ओलं व्हायचं. आम्ही दिलेलं सगळं ती शिकली, आधी शिकलेलं काही विसरली नाही. शेवटच्या दिवसापर्यंत नाही.

आमच्या घराच्या मधोमध उघडा चौक आहे, तिथे कपडे वाळत घालायची दोरी. लुगडं टाकायला वहिनीचा हात वर जायचा आणि चौकात रोज सकाळी हेच. म्हणून एक दिवस तिने खिळे उपटले आणि दोरी कमरेएवढी खाली बांधली. कुत्री जाऊन आता दीड वर्ष होईल. दोरी कुणी वर घेतली नाही. पाहुणे विचारतात, आम्ही काहीबाही सांगतो. लुगड्यांचे काठ फरशीवर लोळतात, वहिनी ते पुन्हा धुते. आणि माझा भाऊ, आयुष्यात कुणापुढे मान न लववलेला, रोज सकाळी परसात जाताना ओल्या कपड्यांखालून कमरेत वाकून जातो, दुखरा हात पोटाशी धरून, हळूहळू.